तीन कोटेशनं आणा

सोसायटीच्या मेंबरांची यादी नव्या अ‍ॅपवर चढवायची होती, त्यांना यूटीएफ-८ फाइल हवी, म्हणजे कुठल्याही लिपीतली अक्षरं साठवणारी, आणि मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये कॉम्प्युटर म्हटलं की मलाच हाक मारतात. एक्सेलमध्ये आधीच्या कमिटीतल्या कुणाच्या तरी भाच्याने लिहिलेला मॅक्रो, म्हणजे छोटा प्रोग्रॅम होता. तो चालवला, तर तळमजल्यापासून वरपर्यंत सगळे ????. फ्लॅट नंबर देवनागरी आकड्यांत, तेही ???.

खजिनदार काका खुर्ची ओढून शेजारीच. "एवढे प्रश्न कोणाला विचारलेत?"

म्हटलं, काका, भाच्याने स्ट्रकॉन्व्ह वापरलंय, व्हीबीएचं, म्हणजे मॅक्रोच्या भाषेचं बिल्ट-इन फंक्शन. ते युनिकोडला, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना, मशीनच्या आन्सी कोडपेजमध्ये, म्हणजे ठरावीक लिपीपुरत्या जुन्या अक्षर-यादीत कोंबतं. थाईला ८७४ आहे, ग्रीकला १२५३ आहे, देवनागरीला असलं कोडपेजच नाही, मग अक्षर बसलं नाही की गुपचूप प्रश्नचिन्ह. आपण विंडोजचं वाइडचारटूमल्टीबाइट बोलवू, त्याला यूटीएफ-८चा नंबर ६५००१ सांगितला की झालं.

"बोलवू म्हणजे? बाहेरचा माणूस?"

"माणूस नाही हो, विंडोजचंच एपीआय आहे, प्रोग्रॅमने हाक मारायचं फंक्शन."

"बिल्ट-इन नाही ना? मग बाहेरचंच. बाहेरच्या कामाला तीन कोटेशनं."

"फुकट आहे, काका."

"फुकटवाल्यानेच पंपाची वाट लावली होती."

मी तरी गप्प बसावं ना, पण बोलून गेलो की त्याला दोनदा बोलवावं लागतं, आधी किती बाइट लागतील ते विचारायला, मग प्रत्यक्ष कामाला. काकांनी चष्मा काढला. "म्हणजे नुसतं बघून जायचे व्हिजिट चार्जेस वेगळे!"

बिल्ट-इनशी माझं वैर नाहीये. तारखा, आकडे, साधी रूपांतरं भाषेच्याच फंक्शनने करावीत, एपीआयच्या नादी लागलं की आधी डिक्लेअर लिहून त्याची ओळख करून द्या, ६४-बिट ऑफिस असेल तर त्यात पीटीआरसेफ हा शब्द लावा, आणि पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, चुकला की एक्सेल धाडकन बंद. पण जे आपली नावं गिळतं आणि साधी एररसुद्धा देत नाही ते सोपं आहे म्हणून ठेवायचं? आणि हे मी संध्याकाळी, ऑफिसवरून लोकलला लटकून आल्यावर, चहासुद्धा न विचारणाऱ्या माणसाला समजावतोय.

माझा मॅक्रो तयार आहे, नीट चालतो, पण कमिटीचा ठराव होईपर्यंत जुन्याच फाइलवर भागवायचं ठरलं. काल अ‍ॅपवर श्री. ???? यांना थकबाकीची नोटीस गेली, आणि तो आपण नव्हेच हे सांगायला सगळी बिल्डिंग मलाच फोन करतेय.