"लोकांना घाबरवता" म्हणणाऱ्या भाऊंना उत्तर

भाऊ, मूळव्याध समजून अंगावर काढलेल्या गुदद्वाराच्या मेलॅनोमावर (रंग बनवणाऱ्या पेशींचा कॅन्सर) मी लिहिलं, त्यावर तुम्ही म्हणता, "लोकांना घाबरवू नका, इम्युनोथेरपीने मेलॅनोमाचे निम्मे पेशंट पाच वर्षं जगतात, डॉक्टर नसताना ज्ञान पाजळू नका, व्ह्यूजसाठी लिहिता." मुद्दा मांडा ना, पण ही काय बोलायची रीत झाली भो? आपल्या जळगाव-धुळ्याकडे अनोळखी माणसाशीही चार शब्द नीट बोलतात, तुम्ही सरळ अक्कलच काढली.

शीर्षक भडक होतं, तेवढं मान्य. बदलतो.

आता तो निम्म्यांचा आकडा. निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब ही इम्युनोथेरपीची, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारी, दोन औषधं एकत्र दिलेल्या ट्रायलचा तो, 2019 ला आलेला, 52 टक्के. पण त्यातले बहुतेक पेशंट कातडीच्या मेलॅनोमाचे होते! मी लिहिलं ते नाक, तोंड, गुदद्वार, योनी इथल्या आतल्या अस्तराच्या मेलॅनोमाबद्दल. याचा उन्हाशी संबंध नाही. कातडीच्या गाठीत उन्हाने डीएनएत ढीगभर बिघाड झालेले असतात म्हणून शरीराला ती परकी आहे हे ओळखता येतं, इथे ते बिघाड कमी, त्यामुळे तीच दोन औषधं दिल्यावर गाठ आक्रसण्याचं प्रमाण कातडीत 60 टक्के आणि इथे 37. बीआरएएफ या जनुकातल्या बदलावरच्या गोळ्याही थोड्यांनाच चालतात कारण तो बदल इथे क्वचितच सापडतो, केआयटी या जनुकातला बदल सापडला तर काहींना इमॅटिनिब या औषधाचा उपयोग होतो. ऑपरेशन करून पूर्ण काढली तरी पुष्कळदा परत येते नाहीतर लिव्हर-फुफ्फुसात जाते, आणि रेडिएशनने त्या जागी आटोक्यात राहते पण आयुष्य वाढल्याचं दिसलेलं नाही. हे मी लपवायचं का?

डॉक्टर नाहीच मी. पण चोपड्याच्या माझ्या सख्ख्या मामांना रक्त पडायचं, मलम झाली, चूर्ण झाली, एका ठिकाणी तर बिनऑपरेशनची इंजेक्शनं, पण कोणी बोट घालून तपासलं नाही की तुकडा लॅबला पाठवला नाही. गाठ काळी नव्हती, बिनरंगाचा मेलॅनोमाही असतो हे तेव्हा आमच्या घरात कोणाला ठाऊक! मुंबईला नेईपर्यंत लिव्हरमध्ये पसरलेला. मामींना रिपोर्ट मी वाचून दाखवला, तुम्ही नाही. तेव्हा अभ्यास मला शिकवू नका.

व्ह्यूजच्या आरोपाला उत्तर देत नाही. घरात कोणाला रक्त पडत असेल तर मलम आणण्याआधी सर्जनकडून तपासून घ्या, आणि पुढची कमेंट टाकण्याआधी त्या ट्रायलमध्ये कातडीचे पेशंट किती आणि आतल्या अस्तराचे किती हे वाचून या.