‘तळ्यातल्या होड्या’ म्हणे!

उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांवरच्या जुन्या लाकडी स्कूनरांचा, म्हणजे शिडाच्या मालवाहू जहाजांचा, फोटो आला की खाली ठरलेला मजकूर असतोच: ‘गोडं, शांत पाणी, भरती-ओहोटी नाही, आरामाचा धंदा. खारं पाणी नसल्याने लाकूड कुजत नसे. वाफेची बोट आली आणि या एका रात्रीत संपल्या.’ भरती-ओहोटी जाणवण्याइतकी नसते, एवढं खरं. बाकी सगळा आनंद आहे.

आधी ‘शांत’चं बघू. पाचही सरोवरं मिळून सुमारे २,४४,००० चौरस किलोमीटर भरतात, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळपास चार पंचमांश. एकटं मिशिगन दक्षिणोत्तर ५०० किलोमीटरच्या आसपास. तिथल्या लाटा समुद्राच्या मानाने आखूड आणि उभ्या. एकीतून जहाज सावरतंय तोवर दुसरी आदळते. भर समुद्रात वादळापुढे पळत राहायला जागा तरी असते, इथे काही तासांत किनारा अंगावर येतो. नोव्हेंबर तर बदनामच. पण ‘आल्विन क्लार्क’ ही स्कूनर बुडाली ती २९ जून १८६४ रोजी, ऐन उन्हाळ्यात, मिशिगनच्याच ग्रीन बे या उपसागरात.

आराम? एप्रिल ते नोव्हेंबर, एवढ्यातच वर्षाची कमाई, पुढे बर्फ. त्यामुळे ‘अजून एक खेप मारू’ हा मोह दरसाल अनेकांच्या जिवावर बेतायचा. एरी आणि ऑन्टारिओ सरोवरं जोडणाऱ्या वेलंड कालव्याच्या दुसऱ्या बांधणीतली लॉक, म्हणजे जहाज वर-खाली चढवणारे दारांचे हौद, १५० फूट लांब आणि साडेसव्वीस फूट रुंद होते. म्हणून जहाजं बांधली जात साधारण १४० बाय २६ फुटांची. दोन्ही बाजूंना जेमतेम चार बोटं जागा, आणि एवढं धूड आत घालायचं सात-आठ माणसांनी!

जहाज नवं असेतो शिकागोहून बफेलोला गहू न्यायचं. गव्हाला ओल चालत नाही, म्हणून तळ गळायला लागला की जहाजाची रवानगी लाकडाच्या धंद्यात. फळ्या भिजल्या तरी बिघडत नाही आणि पाणी भरलं तरी त्या तरंगतात. खलाशी मात्र पंपावर. मिलवॉकीत १८६८ साली बांधलेलं ‘राउज सिमन्स’ अशीच लाकडं वाहून म्हातारं झालं आणि नोव्हेंबर १९१२ मध्ये नाताळची झाडं घेऊन शिकागोला निघालं असताना सगळ्या माणसांसकट बुडालं.

लाकूड कुजत नसे, हे तर उलटंच. जहाज पोखरणारे समुद्री किडे गोड्या पाण्यात नसतात, हे खरं. पण पावसाच्या पाण्याने सांगाडा कुजतोच. म्हणून बांधतानाच, कूज रोखायला, फासळ्यांच्या मधल्या पोकळीत मीठ भरायचे. थंड, खोल पाण्यात ‘आल्विन क्लार्क’ १०५ वर्षं टिकली. १९६९ मध्ये वर काढून किनाऱ्यावर ठेवली, तर पंचवीस वर्षांत इतकी कुजली की १९९४ मध्ये मोडून टाकावी लागली.

आणि ती ‘एक रात्र’. एरी सरोवरावर पहिली वाफेची बोट १८१८ मध्ये आली. स्कूनरांची भरभराट १८७० च्या आसपासची. वारा फुकट होता, कोळसा नव्हता. मधली तळफळी (तळातून पाण्यात सोडायची फळी) वर ओढली की स्कूनर उथळ धक्क्यालाही लागे. पुढे बऱ्याच जणींच्या डोलकाठ्या छाटून त्यांना आगबोटींमागे बांधलं, तरी काही शिडावरच राहिल्या. १८७५ ची ‘आवर सन’ सप्टेंबर १९३० पर्यंत माल वाहत होती. ती वादळात सापडली तेव्हा पोटात कागद गिरणीचं लाकूड होतं आणि तिच्या माणसांना उचललं ते एका आगबोटीने.