गॅस संपत नाही, गळतो

ऊन तापायला लागलं की एक मेसेज हमखास फिरतो. मजकूर थोडक्यात असा: हीट पंप (घर गरम आणि गार दोन्ही करणारा एसी) मुळात थंडीसाठीचं यंत्र, उन्हाळ्यात ते दमणारच. गारवा कमी पडला की गॅस संपला समजा, दर वर्षी सीझनआधी भरून घ्या. पाइपवर बर्फ दिसला तर यंत्र जोमात आहे. थर्मोस्टॅट अगदी खाली आणून ठेवा आणि बाहेरचं युनिट उन्हापासून झाकून टाका.

यातला एकही सल्ला जसाच्या तसा पाळण्याजोगा नाही. दोन तर थेट कॉम्प्रेसरच्या, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या भागाच्या, मुळावर येणारे आहेत.

थंडीसाठीच्या यंत्राचं आधी उरकू. कूलिंग मोडवरचा हीट पंप आणि साधा एसी यांच्या कामात काही फरक नाही. हीट पंपात फक्त एक रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह जास्तीचा असतो, जो गॅसची दिशा उलटी करतो. तो हीटिंगच्या बाजूला अडकला तर भर उन्हाळ्यात घरात गरम हवा येते. बाहेरच्या युनिटच्या पंख्यासमोर हात धरून बघा. तिथे गार हवा आणि आत गरम, म्हणजे यंत्र उलटं चाललंय. रिमोट हीटवरच राहिलाय का, हे मात्र मेकॅनिकला फोन करण्याआधी पाहून घ्यावं.

आता गॅस. तो पेट्रोलसारखा जळून जात नाही. बंद नळ्यांमधून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत असतो. कमी झाला असेल तर कुठेतरी लीकेज आहे, बहुतेकदा फ्लेअर नटच्या (पाइप जोडणाऱ्या नटच्या) जोडावर किंवा कॉइलमध्ये (गॅस फिरतो त्या वळणदार नळ्यांच्या जाळीत). लीकेज न शोधता गॅस भरणं म्हणजे पुढच्या उन्हाळ्याचं गिऱ्हाईक आजच पक्कं करणं. शिवाय हा गळणारा गॅस साधासुधा नसतो. एसीत भरल्या जाणाऱ्या आर-410ए या गॅसची जागतिक तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 2,088 पट धरली जाते, आर-32ची 675 पट.

काम नीट कसं होतं? साबणाच्या फेसाने किंवा नायट्रोजनचं प्रेशर देऊन गळती शोधायची, जोड दुरुस्त करायचा, व्हॅक्यूम करायचं (नळ्यांतली हवा आणि ओलावा पंपाने ओढून काढायचा) आणि मग युनिटच्या पाटीवर लिहिलेल्या मापाइतका गॅस वजनकाट्यावर तोलून भरायचा. पाइप पाटीवर दिलेल्या लांबीपेक्षा जास्त असेल तर त्याचा हिशेब वेगळा. इन्व्हर्टर मशीनमध्ये कॉम्प्रेसरचा वेग सतत बदलतो, त्यामुळे गेजचा (गॅसचं प्रेशर दाखवणाऱ्या मीटरचा) काटा बघून 'थोडा मारतो' म्हणणाऱ्यावर विसंबू नये. गॅस जास्त झाला तरीही गारवा घटतो आणि बिल वाढतं. आणि फिल्टर उघडून न बघताच कुणी गेज लावायला काढला, तर त्याला तिथेच थांबवावं.

बर्फाचा सल्ला सगळ्यात घातक. आतली कॉइल एरवी शून्याच्या थोडी वर असते. फिल्टर धुळीने बुजला किंवा पंखा मंदावला की तिला पुरेशी उबदार हवा मिळत नाही, ती शून्याखाली जाते आणि हवेतली वाफ तिच्यावर गोठते. बर्फामुळे हवा आणखी अडते, मग बर्फ आणखी वाढतो. इकडे न उकळलेला द्रवरूप गॅस कॉम्प्रेसरकडे परततो, आणि द्रव दाबला जात नाही, त्यामुळे आतले भाग मोडू शकतात. म्हणून कूलिंग लगेच बंद करा, नुसता पंखा चालू ठेवा आणि बर्फ आपोआप वितळू द्या. काही तास लागतील. चाकू-स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका, कॉइलची नळी फुटली तर खरंच गॅस भरायची वेळ येईल. फिल्टर धुऊन, वाळवून परत लावा. स्वच्छ फिल्टर आणि ठीक चालणारा पंखा असूनही बर्फ धरला, तर गॅस कमी असण्याची शंका रास्त. एवढ्यापुरता मेसेज बरोबर म्हणता येईल.

थर्मोस्टॅट तळाला नेल्याने साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या, मशीनमध्ये हवा जास्त गार होत नाही, मशीन फक्त जास्त वेळ चालतं. आणि कडक दुपारी न थांबता चालणं हा बिघाड नव्हे. पंधरा-वीस मिनिटं चालू द्या, मग आत खेचल्या जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान मोजा. साधारण 8 ते 12 अंशांचा फरक आला तर मशीन ठीक आहे. दमट हवेत तो थोडा कमी येतो. तरीही घर गार होत नसेल, तर दोष काचेतून येणाऱ्या उन्हात, तापलेल्या छतात किंवा गळक्या डक्टमध्ये (गार हवा नेणाऱ्या नळकांड्यात) शोधा.

बाहेरचं युनिट झाकण्याबद्दल एवढंच: सावली चालेल, आच्छादन नाही. त्या युनिटला घरातली उष्णता बाहेर फेकायची असते. फिन्समध्ये (युनिटच्या पातळ पत्र्यांच्या फटींत) अडकलेला पाला-कचरा मेन स्विच बंद करून पाण्याच्या हलक्या धारेने धुवावा.

मेसेजमध्ये ज्यांचा उल्लेखच नाही, ते बिघाडही नेहमीचेच. घरात पाणी ठिबकतंय, तर आधी ड्रेन पाइप तुंबलाय का बघा. काही मशीन ट्रेमध्ये पाणी चढलं की स्वतःहून बंद होतात आणि लोकांना वाटतं, मशीन गेलं. बाहेरचं युनिट नुसतं घुमतं पण सुरू होत नाही, तेव्हा बऱ्याचदा कपॅसिटर (मोटर सुरू करायला वीज साठवून देणारा भाग) गेलेला असतो. तो बदलणं मेकॅनिकचंच काम, कारण मेन बंद केल्यावरही त्यात जोराचा झटका देण्याइतकी वीज उरू शकते. ब्रेकर एकदा ट्रिप झाला तर एकदा वर करून बघा, पुन्हा पडला तर हात लावू नका.