किंमत भिंतीवर लावा

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहायला बसले. पोस्ट लांबेल.

आपल्या बेळगावात नवी आर्ट गॅलरी झाली आहे. नाव लिहीत नाही. शहापूरच्या मामांना घेऊन गेले होते. शाडूचे गणपती करण्यात उभा जन्म गेला त्यांचा. आत पांढऱ्याशुभ्र भिंती, दोन चित्रांमध्ये ऐसपैस जागा, बसायला मात्र एक स्टूलसुद्धा नाही. मामा एका निसर्गचित्रापाशी थांबले. हात मागे बांधून, वाकून, कडेने बघायला लागले. चाकूने रंग कुठे जाड थापलाय, कुठे खरवडून खालचा तांबडा वर काढलाय, मला दाखवत होते. मग टेबलामागच्या मुलीला विचारलं, "हे केवढ्याला हो?" तिने त्यांच्या चपलांकडे बघितलं. "सर नाहीत. किंमत सरच सांगतात." मामा "बरं" म्हणाले. आम्ही अजून आतच होतो, तेवढ्यात गाडीतून एक जोडपं उतरलं आणि त्यांच्यासाठी ड्रॉवरमधून छापील यादी निघाली!

चित्र बघायला आलेल्या माणसाची अशी पारख करायची?

लोक म्हणतील, जगभर असंच असतं. जगभर असलं म्हणून बरोबर होतं काय? आणि ती पांढरी भिंत तरी कुठे अनादिकाळापासून आहे? पॅरिसमध्ये 'सालों' नावाची मोठी चित्रप्रदर्शनं भरायची, त्यांत जमिनीपासून छतापर्यंत चित्रं खेटून टांगलेली असायची. न्यूयॉर्कचं आधुनिक कलेचं म्युझियम 1929 मध्ये उघडलं, तिथे फिकट भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला मोकळी मोकळी चित्रं लावण्याची पद्धत रुजली आणि पुढे विकणाऱ्यांनी ती उचलली. कारण अशा खोलीत काहीही ठेवलं तरी ते मोलाचं वाटतं. माणूस आपोआप आवाज खाली आणतो. किंमत विचारायचा धीर होत नाही. मामांनी तो केला, तर त्यांना हे उत्तर.

त्याच न्यूयॉर्कमध्ये 1988 साली शहराच्या ग्राहक खात्याने गॅलऱ्यांना किमती दिसतील अशा लावा म्हणून बजावलं होतं. गॅलरीवाले खवळले, पण कायदा तो कायदा. दुकान आहे ना तुमचं? मग दुकानासारखं वागा.

पांढऱ्या भिंतीवर रंग खरे दिसतात, हे मान्य. गॅलरीवाला पैसा घालतो, भाडं भरतो, तेही मान्य. पण चित्र विकलं की तो मोठा हिस्सा कापून घेतोच ना.

मामांच्या शेडमध्ये मूर्ती ठरली की पाटाला गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी लागते. गॅलरीत विकलेल्या चित्राशेजारी लावतात तो लाल ठिपका तेच सांगतो, पण शेडमध्ये भाव विचारायला कुणी कचरत नाही. हमालही विचारतो, डॉक्टरही विचारतो. परवडलं नाही तर धाकटी मूर्ती दाखवतात. त्याने मूर्तीची किंमत कमी होत नाही.

हे शहर चित्रकलेला नवखं नाही, याचंच जास्त वाईट वाटतं. के. बी. कुलकर्णी सर इथले. रवी परांजपे त्यांच्या हाताखाली शिकून पुढे केवढे मोठे झाले. टिळकवाडीत वरेरकर नाट्य संघात सरांच्या नावाचं कलादालन आहे. तिथे भाजीची पिशवी घेऊन आत शिरलेली बाई मी पाहिली आहे, पोरं मोठ्याने बोलताना ऐकली आहेत. मुंबईचं जहांगीर कलादालन 1952 पासून उभं आहे. तिकीट नाही, काळा घोड्याला चालता चालता कुणीही आत डोकावतं. भिंती तिथल्याही पांढऱ्याच आहेत. म्हणजे दोष चुन्याचा नाही, त्या ड्रॉवरचा आहे.

चित्रकारावर माझा राग नाही. बिचाऱ्याला कळणारही नाही, की त्याच्या चाकूचा फटका न् फटका ओळखणारा माणूस आज समोर उभा होता आणि त्याला "सर नाहीत" सांगून वाटेला लावलं. मामा घेणार होते का? कदाचित नसतेही. पण भाचीच्या लग्नात द्यायला म्हणून विचारलं असेल, हप्त्याने घेतलं असतं, कुणाला तरी सांगितलं असतं. ते सगळं त्या मुलीने चपला बघून ठरवलं.

माझ्या यादीत चित्रकार मित्रमैत्रिणी बरेच आहेत. यंदा प्रदर्शन लावाल तेव्हा प्रत्येक चित्राखाली चिठ्ठी लावा. नाव, माध्यम, माप आणि किंमत, मराठीत आणि कन्नडमध्ये. दोन खुर्च्या ठेवा, म्हातारी माणसं येतात. मराठी चिठ्ठ्या मी लिहून देईन, कन्नड लिहायला शेजारच्या काकू तयार आहेत. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत यादी पाठवा म्हणजे झालं.