'निवांत जॅझ' या चिठ्ठीविषयीच्या आपल्या तक्रारीस उत्तर

नमस्कार.

आपला अभिप्राय मी दोनदा वाचला. आमच्या दुकानात पियानोवादक विजय अय्यर आणि ट्रम्पेटवादक वाडाडा लिओ स्मिथ यांच्या 'अ कॉस्मिक रिदम विथ ईच स्ट्रोक' या सीडीच्या कप्प्यावर 'निवांत जॅझ' अशी चिठ्ठी पाहून आपण ती सीडी वडिलांच्या वाढदिवसासाठी घेतलीत. घरी लावल्यावर ना ठेका सापडला ना चाल, 'दोघे वेगवेगळ्या खोल्यांत बसून रियाज करत आहेत' असे वाटले. आणि परत करायला आलात तेव्हा 'उघडलेली सीडी परत घेत नाही' एवढेच ऐकवून आपली बोळवण करण्यात आली.

चूक आमची आहे. ती चिठ्ठी माझ्याच हातची होती. कप्पा भरताना घाईत लिहिलेल्या त्या दोन शब्दांनी आपली फसगत झाली, याचे मला मनापासून वाईट वाटते. चिठ्ठी काढली आहे, आणि आपले पूर्ण पैसे परत मिळतील.

संगीताबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे आणि ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. या ध्वनिमुद्रणात ड्रम आणि बास नाहीत, हे आपण अगदी बरोबर ओळखलेत. स्मिथ यांचा ट्रम्पेट आणि अय्यर यांचा पियानो, फेंडर ऱ्होड्स (विजेवर चालणारा पियानो) व इलेक्ट्रॉनिक्स एवढाच सगळा संसार आहे. पण आलापात तबला नसतो म्हणून त्यात लय नाही, असे आपण म्हणत नाही. स्मिथ एखादा स्वर लांबवतात तेव्हा अय्यर त्याखाली घाईने काही भरत नाहीत, तो विरत आला की मगच खालच्या सप्तकात हलकेच पाऊल टाकतात. अय्यर यांनी स्मिथ यांच्या 'गोल्डन क्वार्टेट' या चार वादकांच्या संचामध्ये अनेक वर्षे साथ केली आहे, आणि एकमेकांसाठी थांबण्याची ही सवय मला तिथलीच वाटते.

मधली सात भागांची रचना चित्रकार नसरीन मोहमदी यांना अर्पण केलेली आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने 'मेट ब्रॉयर' ही नवी शाखा मार्च २०१६ मध्ये उघडली, तेव्हा तिथे नसरीन यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन होते. त्याच सुमारास ईसीएम या ध्वनिमुद्रण कंपनीने ही सीडी प्रसिद्ध केली. शीर्षकातले शब्दही नसरीन यांच्या रोजनिशीतले आहेत. बडोद्याला शिकवणाऱ्या आणि १९९० मध्ये आपल्या अलिबागजवळच्या किहीमला निधन पावलेल्या या बाईंनी शाई-पेन्सिलीने कागदावर बारीक समांतर रेषा ओढल्या, आणि त्या रेषांमधली मोकळी जागा रेषांइतकीच बोलते. ते चित्र डोळ्यांसमोर ठेवून ऐकले, तर आपल्याला पोकळ वाटलेल्या जागा कदाचित वेगळ्या ऐकू येतील. एवढे सगळे दुकानात सांगायला हवे होते. ते न सांगता वाढदिवसाची भेट म्हणून ही सीडी आपल्या हाती देणे हा आमचा निष्काळजीपणा होता.

यापुढे कोणतीही सीडी घेण्यापूर्वी काउंटरवरच्या हेडफोनवर ऐकता येईल, आणि ऐकलेली सीडी आठ दिवसांत परत घेतली जाईल. आपल्याशी तुटकपणे बोललेल्या सहकाऱ्याशी मी बोलले आहे. नियम माझाच होता, त्यामुळे त्याचा दोषही माझाच.

वडिलांना कोणते वादक आवडतात तेवढे कळवावे. त्यांच्यासाठी दुसरी सीडी मी स्वतः ऐकून निवडेन, आणि आपण याल तेव्हा ती काउंटरवर काढून ठेवलेली असेल.