घड्याळांची वाट मॅन्युअलमुळे लागत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

आमच्या कलेक्टर्स क्लबात आम्ही जुन्या घड्याळांच्या रिपेअर मॅन्युअलचे स्कॅन एकमेकांना देतो, त्यावर तुम्ही लिहिलंय की हा चोरीचा माल आहे, स्कॅन गचाळ आहेत, हे हाताने शिकायचं काम आहे, आणि पुढे : "ही पानं वाचून कोणीही उठतो, घड्याळ उघडतो आणि वाट लावतो, हा पोरखेळ बंद करा."

मतभेदाचं मला काही नाही, पण 'पोरखेळ' आणि 'कोणीही' हे शब्द लागले. क्लबातली माणसं रात्री जेवणं उरकून, भिंग डोळ्याला लावून, मान मोडेपर्यंत बसतात, एकेका बंद पडलेल्या घड्याळासाठी महिनोन्महिने पार्ट शोधतात, त्यांना न भेटता न ओळखता तुम्ही एका ओळीत निकालात काढलंत. हेच तुम्ही जरा नीट शब्दांत विचारलं असतंत तर मी आनंदाने चर्चा केली असती.

स्कॅनबद्दल तुमचं बरोबर आहे. काही फाइलींत पानं तिरकी आहेत, काहींत क्रम चुकलाय, आकृत्यांतले पार्ट नंबर वाचता येत नाहीत. हे मान्य, ते काम चालू आहे.

आता तुमचं ते वाक्य. माणूस घड्याळ उघडतो ते मॅन्युअल मिळालं म्हणून नाही हो, घड्याळ हातात असतं म्हणून! तो उघडणारच असतो. प्रश्न एवढाच की आत काय आहे हे माहीत असताना उघडतो की नसताना. साधी गोष्ट घ्या, कित्येक स्विस मूव्हमेंटमध्ये (घड्याळाच्या आतल्या यंत्रणेत) क्राउन व्हीलचा, म्हणजे चावी देताना फिरणाऱ्या एका चाकाचा, स्क्रू उलट्या आट्यांचा असतो. कधी त्याच्या डोक्यावर तीन रेघा असतात, कधी काहीच खूण नसते. ज्याला हे कोणी सांगितलेलं नाही तो नेहमीच्या दिशेने जोर लावतो, वाटतं गंजलाय, आणखी जोर लावतो, आणि डोकं तुटून हातात येतं. मॅन्युअलमध्ये ही एका ओळीची सूचना असते. पॅलेट फोर्कच्या (टिकटिक करत चाक एकेक दात सोडणाऱ्या छोट्या काट्याच्या) पिव्हटना, म्हणजे त्याच्या आसाच्या टोकांना, तेल लावायचं नाही, हीसुद्धा एकच ओळ, पण ती न वाचलेला माणूस प्रेमाने सगळीकडे तेल लावतो आणि मग घड्याळ सुस्त का झालं म्हणून डोकं धरून बसतो.

आणि फक्त नवशिकेच वाट लावतात असं तुम्हाला वाटत असेल तर अॅक्युट्रॉन 214 चं बघा. बुलोव्हाने 1960 साली बाजारात आणलेलं, बॅलन्स व्हीलऐवजी (मागेपुढे झुलत वेळ राखणाऱ्या चाकाऐवजी) सेकंदाला 360 कंपनं करणारा ट्युनिंग फोर्क (नादकाटा) असलेलं घड्याळ. त्या कंपनांनी एकेक दात पुढे सरकणाऱ्या इंडेक्स व्हीलचा व्यास साधारण 2.4 मिमी आणि त्यावर दाते 300! म्हणजे दोन दातांतलं अंतर 0.025 मिमीच्या आसपास, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. माझ्या एका मित्राचं 214 एका अनुभवी, दुकान थाटून बसलेल्या कारागिराकडून परत आलं तेव्हा मी ते मायक्रोस्कोपखाली धरलं, तर व्हीलच्या एका बाजूचे दाते खरवडून सपाट झालेले. पॉल आणि इंडेक्स या दोन बारीक पट्ट्यांच्या टोकांचे ज्वेल (खडे) दातांपासून बाजूला न घेताच त्यांनी ट्रेनचा ब्रिज (चाकांना वरून धरणारी पट्टी) उचलला होता. हात त्यांचा माझ्यापेक्षा चांगला असेल, मी नाकारत नाही, पण मॅन्युअल त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

शिवाय ही घड्याळं 1.35 व्होल्टच्या मर्क्युरी सेलसाठी बनवलेली, तो सेल आता मिळत नाही, लोक 1.55 चा सिल्व्हर ऑक्साइड टाकतात, आणि मग कधीकधी फोर्कच्या एका हेलकाव्याला एकाऐवजी दोन दाते सरकतात आणि घड्याळ दुप्पट वेगाने पळतं. त्याला फेजिंग, म्हणजे त्या दोन खड्यांची दातांवरची एकमेकांच्या तुलनेतली जागा, नीट लावावं लागतं. पॉलची पट्टी धरणारा पॉल ब्रिज किती आणि कधी हलवायचा, इंडेक्स व्हीलवर त्या दोन पट्ट्यांचा दाब किती, हे बुलोव्हाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आकृत्यांसकट दिलंय. हे 'हाताने शिकायचं काम' आहे म्हणता, तर शिकवणार कोण? ज्यांना येत होतं ते एकेक करून चाललेत.

मला हे कळतं कारण मी तसाच शिकलोय. कॉलेजात असताना ज्या कारागिरांकडे जाऊन बसायचो त्यांच्याकडे कंपन्यांच्या टेक्निकल शीट्स होत्या, तेल कुठे लावायचं त्या खुणांसकट, समासात त्यांच्या स्वतःच्या पेन्सिलच्या नोंदी. ड्रॉवरला कुलूप. मी विचारलं की म्हणायचे, बघून शीक. ते गेले, आणि मला कळायच्या आत ते सगळं रद्दीत गेलं. आजही ती पानं आठवली की पोटात तुटतं. क्लबात कोणी जुनं मॅन्युअल स्कॅन करून टाकतो तेव्हा मला तोच ड्रॉवर उघडल्यासारखं वाटतं, आणि तुम्ही त्याला चोरी म्हणता!

कॉपीराइटचं म्हणाल तर कायदा देशादेशांत वेगळा आहे, त्यात मी इथे शिरत नाही. आम्ही पैसे घेत नाही, चालू मॉडेलची मॅन्युअलं देत नाही, एवढं पुरेसं आहे. एका कंपनीला मी स्वतः जुन्या कॅलिबरच्या (मूव्हमेंटच्या मॉडेलच्या) शीटसाठी लिहिलं होतं, उत्तर आलं की घड्याळ सर्व्हिस सेंटरला द्या. त्या कॅलिबरचं काम ते सेंटर घेतच नाही.

तुमच्याकडे 218 चं, म्हणजे 214 नंतरच्या अॅक्युट्रॉनचं, मूळ मॅन्युअल आहे असंही तुम्ही लिहिलंय. द्यायचं नसेल तर देऊ नका, कुलूप तुमचं आहे. पण इतरांनी दिलं तर त्यांना पोरं म्हणायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? 214 ची पानं सरळ करून, क्रम लावून या आठवड्यात क्लबात टाकतोय, फेजिंगच्या आकृत्या वेगळ्या मोठ्या करून. त्यात काही चूक दिसली तर जरूर सांगा, पण पान नंबर आणि आकृती लिहून सांगा.