जॉमेट्री ‘ज्यामिती’तून आलेली नाही

‘ज्यामितीचं जॉमेट्री झालं, त्रिकोणमितीचं ट्रिगॉनॉमेट्री, शब्द आपले, नाव त्यांचं!’ हा मेसेज अधूनमधून फिरत येतोच. ज्यामिती म्हणजे हिंदीतली भूमिती. वाचायला झकास आहे. पण एकेक मुद्दा धरून पाहू.

‘उच्चार तर सारखाच आहे.’ आज आहे. मूळ ग्रीक शब्द मात्र ‘गेओमेत्रिया’. गे म्हणजे जमीन, मेत्रॉन म्हणजे माप. तिथे ‘ज’ नाहीच, चांगला ठणठणीत ‘ग’ आहे. इसवी सनापूर्वी 5 व्या शतकात ग्रीक इतिहासकार हेरोडोटस नाईलकाठची शेतं मोजण्यातून हे शास्त्र निघालं असं सांगतो, तेव्हाही शब्द हाच. तो ‘ग’ पुढे लॅटिनमधून फ्रेंचमध्ये येता येता मऊ पडला आणि इंग्रजीत ‘ज’ होऊन पोचला. म्हणजे सगळा दावा ज्या ‘ज’वर उभा आहे, तो शब्दाच्या जन्मानंतर शेकडो वर्षांनी आलाय.

‘ज्यामिती प्राचीन आहे.’ मग जुन्या ग्रंथांत शोधा. यज्ञवेदीची मापं देणारी ती शुल्बसूत्रं. शुल्ब म्हणजे दोरी. भास्कराचार्यांच्या लीलावतीत आकृत्यांच्या प्रकरणाचं नाव क्षेत्रव्यवहार. 18 व्या शतकात सवाई जयसिंहाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटांनी ग्रीक गणितज्ञ युक्लिडचा भूमितीचा ग्रंथ अरबीवरून संस्कृतात आणला, त्याचं नाव ‘रेखागणित’. ज्यामिती रुळलेला शब्द असता, तर त्यांनी तो का टाकला असता? खरं तर प्रवास उलटा आहे. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात ‘ज्या’चा एक अर्थ पृथ्वी असाही आहे, तोच हेरून कुणीतरी जॉमेट्रीला प्रतिशब्द घडवला. अर्थ जुळला, नादही जुळला. घडवणाऱ्याला दाद द्यायलाच हवी! आपली ‘भूमिती’ही त्याच अर्थाची, फक्त नादाच्या नादी न लागलेली.

ट्रिगॉनॉमेट्रीचं थोडक्यात उरकतो. हा शब्द जर्मन गणितज्ञ बार्थोलोमेउस पिटिस्कस यांनी 1595 मध्ये आपल्या लॅटिन ग्रंथासाठी ग्रीक तुकडे जोडून केला. त्यातलं ‘त्रि’ आणि आपलं ‘त्रि’ सारखं आहे, कारण ग्रीक आणि संस्कृत एकाच कुळातल्या. बहिणीबहिणींचं नाक सारखं असतं. म्हणून एक दुसरीची आई ठरत नाही.

‘म्हणजे आपल्याकडून काहीच गेलं नाही?’ गेलं ना! आर्यभटांच्या ग्रंथातली ज्या, म्हणजेच जीवा (इथे अर्थ पृथ्वी नव्हे, धनुष्याची दोरी), अरबीत ‘जीब’ झाली. अरबी लिहिताना ऱ्हस्व स्वर गाळतात, त्यामुळे पुढे कुणी ते ‘जैब’ वाचलं: वस्त्राची घडी, गळ्याजवळचा भाग. खिशाला ‘जेब’ म्हणतात, तो हाच शब्द. 12 व्या शतकात लॅटिन अनुवादकांनी त्याच अर्थाचा ‘सायनस’ योजला, आणि त्याचा झाला त्रिकोणमितीतला ‘साइन’. मेसेजमध्ये नेमका हाच शब्द नाही.